उसात कोन हाय

आमच्या बँडमध्ये आम्ही तिघं होतो. तिघांची नावं इथं घालणार नाही, बँडचंही नाही. आमच्यातला एक अजून निमोण्यात राहतो, आणि त्याला शोधत पुन्हा कुणी यावं असं मला वाटत नाही.

मी न्हावऱ्याचा. विहाराला लागून आमचं घर. आप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर होते आणि एप्रिल आला की गायन पार्टीत ढोलकीवर. जयंतीच्या दिवसांत आज या गावाला तर उद्या त्या गावाला त्यांचा कार्यक्रम असे, आणि मी टाळ घेऊन मागं बसायचो. ताल हाताला लागला तो तिथंच. बारावीनंतर मला दौंडच्या कॉलेजात घातलं. मामा तिथं रेल्वेत होता, त्यामुळं राहायची सोय होती.

वर्गात रेल्वे कॉलनीतला एक मुलगा होता. त्याचे वडील गार्ड. घरात सगळे इंग्रजी बोलायचे, पण बाहेर हा मराठीत आमच्यापेक्षा भारी शिव्या द्यायचा. चर्चमध्ये तो गिटार वाजवायचा आणि त्याचा मावसभाऊ त्याला मुंबईहून कॅसेटी भरून आणून द्यायचा. एका दुपारी त्यानं त्यातली एक टेपला लावली आणि म्हणाला, "ड्रम ऐक फक्त. बाकी सोड."

मला पहिल्यांदा वाटलं, टेप बिघडलाय, जोरात पळतोय. मग कळलं की तो माणूसच तेवढ्या वेगानं वाजवतोय. पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा आवाज, पण त्यात एकही गार चुकीच्या जागी पडत नव्हती. मी कॅसेट उलटीपालटी करून तीनचार वेळा ऐकली. या संगीताला थ्रॅश मेटल म्हणतात हे त्यानं सांगितलं. कव्हरवर लांब केसांची, अंगाला चिकटलेल्या जीन्स घातलेली माणसं होती. इतर पोरं क्रिकेटवाल्यांबद्दल बोलायची तसं आम्ही त्या माणसांबद्दल बोलायला लागलो. कोण कुणाशी भांडला, कुणाला बँडमधून काढलं, कोण दारूतून वर आला. गार्डचा मुलगा हे कुठल्याशा मासिकांत वाचून सांगायचा आणि आम्ही घरच्या माणसांची काळजी करावी तशी त्यांची करायचो.

आम्ही म्हणजे मी आणि निमोणे गावचा आणखी एक वर्गमित्र, ज्याला सगळे निमोण्याचाच म्हणायचे. त्याची थोरली बहीण दौंडला दिलेली, तिच्याकडं राहून तो शिकत होता. घरची शेती. कांदा, ऊस, थोडी शेवंती. उंच, किडकिडीत आणि इतका लाजरा, की हजेरीला 'यस सर' म्हणतानाही मान खाली घालायचा. चर्चच्या मागच्या खोलीत फादरनी आम्हाला जुना ड्रमसेट वाजवायला दिला होता. रविवारी वाजवायचं नाही आणि देवाविरुद्ध काही गायचं नाही, एवढ्याच अटी होत्या. निमोण्याचा तिथं नुसता ऐकायला यायचा. एक दिवस आमचं वाजवणं चालू असताना तो उठला आणि ओरडला. काय ओरडला ते कुणालाच कळलं नाही. पण गिटारवाल्यानं वाजवणं थांबवलं आणि त्याच्याकडं बघत राहिला. हजेरीला मान खाली घालणाऱ्या पोराच्या पोटातून तो आवाज आला होता.

तो आमचा गायक झाला. उसन्या आणलेल्या बास गिटारवर तो चार सूर शिकला आणि तेवढ्यावर त्याचं भागलं. इंग्रजी शब्द त्याला कॅसेटवरून कळत नसत, म्हणून तो इंग्रजीसारखं ऐकू येईल असं काहीही गायचा. गॅदरिंगला आम्ही वाजवलं तेव्हा इंग्रजीचे सर स्टेजमागं आले आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "ते दुसरं कडवं नेमकं काय आहे?" तो म्हणाला, "मला बी न्हाई म्हाईत, सर." त्या दिवसापासून आम्ही मराठीतच गायचं ठरवलं.

आवाज टिकावा म्हणून तो सुट्टीत गावी गेला की विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीशेजारी उभा राहून ओरडायचा. शेजारच्या वावरातल्या बायका विळे टाकून पळाल्या, हे त्यानंच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

आमचं जे गाणं गाजलं ते असं झालं. त्या आठवड्यात निमोण्याला शेतीपंपाला रात्रीची लाइट होती आणि उसाला पाणी द्यायला तो एकटा जात होता. सोमवारी दौंडला आला तो डोळे सुजलेला.

"उसात कोनतरी हाय," तो म्हणाला. "बॅटरी मारली की कायच न्हाई. बंद केली की परत."

"बिबट्या असंल," मी म्हणालो. तेव्हा आमच्या भागात बिबट्यांची चर्चा सुरू झाली होती.

"बिबट्या न्हाई. बिबट्याला माझं नाव कसं ठावं असंल?"

आम्ही दोघं हसलो, आणि मग तोही हसला. गिटारवाला म्हणाला, "अरे, हेच गाणं आहे." त्याच दुपारी ते झालं. शब्द फार नव्हते. उसात कोन हाय, एवढा एकच प्रश्न, वेगवेगळ्या आवाजांत विचारलेला. मध्ये गिटार थांबायची, फक्त माझे ड्रम चालायचे, आणि तो विचारायचा, "कोन हाय?"

पुण्यात एका भजनांच्या कॅसेटी काढणाऱ्या स्टुडिओत आम्ही ते इतर पाच गाण्यांसोबत भरलं. रेकॉर्डिंग करणारे काका काम चालू असताना उठून चहाला गेले. पण कॅसेट फिरली. एकानं दुसऱ्याला भरून दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नगरहून, सोलापूरहून पोरं दौंडला उतरून आमचा पत्ता विचारायची. आपल्या बोलीत असं गाता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं, असं त्यातल्या एकानं सांगितलं. तो परत गेला आणि त्यानं स्वतःचा बँड काढला. नंतर असे पुष्कळ निघाले.

मग पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं बोलावलं. मैदानावर स्टेज, संध्याकाळची वेळ, आणि एवढी गर्दी आम्ही आधी पाहिलेली नव्हती. ते गाणं शेवटी ठेवलं होतं. मधला भाग आला, गिटार थांबली आणि त्यानं विचारलं, "कोन हाय?" समोरच्या पोरांनी उत्तर दिलं, "कोन हाय!" असं आधी कधीच झालं नव्हतं. त्यानं परत विचारलं. ती परत ओरडली. गिटार जिथं पुन्हा सुरू व्हायची ती जागा निघून गेली. मी तोच ताल धरून राहिलो. तो पोरांकडं बघत नव्हता. तो स्टेजच्या डाव्या अंगाला, जिथं अंधारात नुसता कापडी पडदा होता, तिकडं बघत होता. मला त्याची मान दिसत होती आणि मानेच्या शिरा. आता तो गात नव्हता, विचारत होता. गर्दीला ते फारच आवडलं. हात उंचावून हजारभर पोरं त्याला तोच प्रश्न परत फेकत होती, आणि प्रत्येक वेळी तो एक पाऊल मागं सरकत होता.

शेवटी गिटारवाल्यानं जोरात तारा छेडल्या आणि आम्ही गाणं कसंतरी संपवलं. खूप टाळ्या झाल्या. खाली उतरून पाहतो तर तो नव्हता. स्टेजच्या फळ्यांखाली, लोखंडी पायांच्या मध्ये तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"चल, बाहेर ये," मी म्हणालो.

"त्यांना बी दिसला," तो म्हणाला. "तू ऐकलंस न्हवं? सगळ्यांना दिसला."

तो कार्यक्रम पुढं फार गाजला. ज्यांनी पाहिला ते सांगत राहिले, ज्यांनी नव्हता पाहिला तेही सांगायला लागले. पण आम्ही तिघांनी एकत्र वाजवलेला तो शेवटचा. गार्डसाहेबांच्या घरी ऑस्ट्रेलियाचे कागद आले आणि ते सगळं कुटुंब गेलं. निघताना गिटारवाल्यानं मला स्टेशनवर विचारलं, "तो बरा होईल ना?" मी म्हणालो, "होईल की."

तो बरा होत नव्हता. तो निमोण्याला परतला आणि दिवसाढवळ्याही बॅटरी हातात घेऊन उसाच्या कडेनं फिरायला लागला. झोप नाही, जेवण नाही. आईच्या हातचं खायचा नाही, त्यात काहीतरी घातलंय म्हणायचा. घरच्यांनी त्याला एका देवऋष्याकडं नेलं. त्यानं लिंबं कापली, अंगारा लावला आणि सांगितलं की पोरावर करणी झालीय. कुणी केली, तर तो ज्यांच्यात जाऊन ओरडत होता त्या संगतीतल्या कुणीतरी. संगतीतला एक परदेशात गेला होता. उरलो मी.

मी त्याला भेटायला गेलो तर त्याचे वडील, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, दारातच उभे राहिले. "तू हितं येऊ नगंस," ते म्हणाले. "तुमच्या लोकांच्या नादानं माझं पोरगं गेलं." 'तुमच्या लोकांच्या' म्हणजे कुणाच्या, ते मला समजलं. त्यांनाही समजलं, कारण त्यांनी लगेच नजर फिरवली. आतून त्याचा आवाज येत होता. ओरडत होता, आणि मला ती ओरड माहीत होती. तिच्या कुठल्या टोकाला श्वास संपतो आणि कुठं तो परत घेतो, ते मला अजूनही वाजवून दाखवता येईल.

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, वस्तीतली चार माणसं गोळा करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर त्यांनी पांढरा शर्ट घातला आणि म्हणाले, "गाडी काढ."

आम्ही निमोण्याला पोचलो तेव्हा आबा घरासमोरच्या कांदाचाळीत कांदा निवडत होते. आप्पा त्यांच्या समोर पोत्यावर बसले. बसा म्हणायची वाट पाहिली नाही.

"आबा, करनीबिरनी काय नसतं, त्ये मी तुम्हाला पटवून द्यायला आलो न्हाई," आप्पा म्हणाले. "मी माझ्या भावाचं सांगायला आलोय."

माझा काका मी लहान असताना पोहताना बुडाला, एवढंच मला माहीत होतं.

"धाकटा भाऊ माझा," आप्पा सांगू लागले. "तुमच्या पोरावानीच. कुनीतरी नाव घेऊन हाका मारतंय म्हनायचा. आमच्या बापानं देव कवाच नदीत सोडले व्हते, आम्ही सगळे बौद्ध झालेले. तरी बी चोरून अंगारे केले. गळ्यात ताईत बांधला. लोक काय म्हनत्याल म्हनून पुन्याच्या दवाखान्यात न्हेलं न्हाई. एक दिवस सकाळी त्यो हिरीत गेला. पवायला न्हवं. त्याला चांगलं पवता येत व्हतं."

आबांच्या हातातला कांदा तसाच राहिला. मी चाळीच्या दाराशी उभा होतो. 

"तुमचं पोरगं अजून हाय," आप्पा म्हणाले. "मी कुनाला बी दोष द्यायला आलो न्हाई. तुम्ही मला द्या, पोराला द्या, काय बी म्हना. पर त्याला दवाखान्यात न्ह्या."

आबा म्हणाले, "गावात कळंल."

"आत्ता काय कळलं न्हाई व्हय?"

घरात दाराआड त्याची आई उभी होती. ती बाहेर आली, पदर खोचलेला, आणि नवऱ्याकडं न बघता मला म्हणाली, "कुठं न्ह्यायचं आसतं? तुला ठावं हाय का?"

दोन दिवसांनी जीप करून आम्ही त्याला पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. आबा, त्याची आई, मी. वाटेत तो माझा हात धरून बसला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आला की डोळे मिटून घ्यायचा. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी त्यालाच विचारलं, "काय ऐकू येतं?" तो म्हणाला, "नाव." एवढ्या दिवसांत कुणी त्याला ते विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

गोळ्या सुरू झाल्या. मध्ये बंद केल्या, पुन्हा बिघडला, पुन्हा नेलं. बरं होणं म्हणजे एक दिवस उठून चालायला लागणं, असं आम्हाला वाटायचं. तसं काही झालं नाही. वर्षं गेली. मी रांजणगावला एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये लागलो, लग्न झालं, ड्रम सुटले. कानात शिट्टी वाजते ती राहिली. कंपनीच्या तपासणीत दरवर्षी डॉक्टर मशीनच्या आवाजाला दोष देतात आणि मी मान हलवतो.

मग एक दिवस कँटीनमध्ये आमच्याकडं नवीन आलेल्या एका ट्रेनी इंजिनिअरनं मोबाइलवर गाणं लावलं. भजनवाल्या काकांच्या स्टुडिओतलं आमचंच रेकॉर्डिंग, कुणीतरी कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेलं. मी ताट बाजूला सारलं.

"हे कुणाचं रे?"

"सर, तुम्हाला नाही आवडणार. पण हे लेजंड आहेत. आमच्या बँडनं यांच्यामुळंच सुरुवात केली. यांचा सिंगर लाइव्ह शोमध्ये खरोखर वेडा झाला होता. मेला नंतर."

"मेला न्हाई," मी म्हणालो. "निमोण्यात हाय. शेवंती लावतो."

त्याचा विश्वास बसेना. मी टेबलावर दोन बोटांनी मधला ताल वाजवून दाखवला तेव्हा बसला, आणि मग तो माझ्या मागंच लागला. एकदा भेटायचंय, फक्त एकदा. मी पुष्कळ दिवस टाळलं. शेवटी निमोण्याला जाऊन त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "येऊ दे की. पाव्हना हाय."

मग मी ट्रेनीला घेऊन निमोण्याला गेलो. आमचा गायक आता जाड झाला होता. गोळ्यांमुळं हात सतत थरथरायचे, बोलायला वेळ लागायचा. ट्रेनीनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो दचकून मागं सरकला. चहा झाला. ट्रेनीला राहवलं नाही. त्यानं त्या पुण्याच्या कार्यक्रमाचा विषय काढला. म्हणाला, "सर, तो परफॉर्मन्स... तसं आजपर्यंत कुणी केलेलं नाही."

"त्यो परफॉर्मन्स न्हवता," तो सावकाश म्हणाला. "मला खरंच दिसत व्हतं. मी इचारत व्हतो, आन् समदी माझ्यावर वरडत व्हती."

 ट्रेनीचं तोंड लाल झालं. जरा वेळानं त्यानं विचारलं, "मग आम्ही ते गाणं वाजवू नये का?"

 अंगणात त्याची आई फुलं निवडत होती, तिनं हात थांबवला.

"वाजवा," तो म्हणाला. "चाल चांगली हाय. पर लोकांनी वरडायचं त्ये नका करू."

मला जे त्याला कित्येक वर्षं विचारायचं होतं ते त्या दिवशी परत निघताना, ट्रेनी गाडी काढत असताना, विचारलं. आता काही ऐकू येतं का?

"न्हाई. गोळ्यांनी समदे आवाज गेले." मग म्हणाला, "त्यातला एक गानी सांगायचा. त्यो बी गेला."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघालो.

ट्रेनीच्या बँडचा पुण्यात कार्यक्रम झाला तेव्हा मी गेलो. त्यांनी शब्द पाळला. मधल्या भागात गायक माइकपासून मागं झाला, कुणालाही काही विचारलं नाही, फक्त ड्रम चालू ठेवले. पण समोरच्या पोरांना ते गाणं पाठ होतं. त्यांनी स्वतःच सुरू केलं. कोन हाय, कोन हाय, कोन हाय. हसरे चेहरे, वर केलेले हात, एकमेकांच्या गळ्यात पडलेली पोरं. त्यांतल्या कुणालाही काही वाईट करायचं नव्हतं. स्टेजवरचा गायक हातानं 'नको' म्हणत होता, आणि त्यांना वाटलं, आणखी जोरात म्हणा म्हणतोय. मी तिथून निघालो. पार्किंगपर्यंत तो आवाज येत होता.

पुढच्या रविवारी निमोण्याला गेलो. तो वावरात शेवंती तोडत होता. त्यानं वर न बघता विचारलं, "वरडले का?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "व्हय," मी म्हणालो. "बँडवाल्यांनी न्हाई सांगितलं वरडायला. लोकच वरडले."

त्यानं मान हलवली. दोन-चार फुलं तोडली.

"ड्रमवाला कसा व्हता?"

"माझ्यापेक्षा बरा."

"ऑस्ट्रेलियावाल्याला कळीव," तो म्हणाला. मग करंडी माझ्या हातात दिली, कारण मार्केटचा टेम्पो यायची वेळ झाली होती आणि त्याच्या बऱ्याच सऱ्या अजून तोडायच्या राहिल्या होत्या. थरथरत्या हातांना देठ नीट सापडत नव्हते, म्हणून त्याला वेळ लागायचा. मी चप्पल काढून ठेवली आणि शेजारच्या सरीत शिरलो.